मालवणचा किनारा की कुडाळकडचे आतले गाव? कायम राहायला जाण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याहून निवृत्त होणारे जोडपे, दोघेही साठीच्या आसपास, आता कायमचे सिंधुदुर्गात राहायला यायचे म्हणतात. समोर दोन जागा आहेत. एक मालवणच्या बाजूला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, सहा गुंठ्यांत उभे असलेले स्लॅबचे घर. दुसरी कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात, अर्धा एकर जमीन आणि तीत जुने कौलारू घर. पैसे एकाच जागेपुरते आहेत. कोणती घ्यावी?

उत्तर आधी देतो. बारा महिने राहायचे असेल, वय पुढे सत्तरीकडे जाणार असेल आणि पैसा मोजका असेल, तर समुद्राला लागून असलेले तयार स्लॅबचे घर घेऊ नये. पण आतले गाव आपोआप बरे ठरते असेही नाही. किनाऱ्यावरच्या घराचा खरा प्रश्न मीठ आहे आणि आतल्या घराचा प्रश्न मे महिन्यातले पाणी. पहिल्याची परीक्षा जुलैत होते, दुसऱ्याची मेमध्ये. बहुतेक मंडळी जागा पाहायला येतात डिसेंबर-जानेवारीत. त्या दिवसांत विहिरी भरलेल्या असतात, वारा मंद असतो, रस्ते कोरडे असतात आणि दोन्ही जागा सारख्याच चांगल्या दिसतात. म्हणून हिवाळ्यात पाहून घेतलेला निर्णय फारसा उपयोगाचा नसतो.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळे पैसे घालून दुरुस्त करता येते, पाण्याचे तसे नाही.

कोकणात पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याहूनही बराच जास्त. तरी एप्रिलमध्ये वाड्यांवर टँकर का येतात? सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाचा, जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून भराभर खाली उतरते, जांभ्याखालच्या चिकण थरावरून उताराकडे सरकते आणि डोंगराच्या कुशीतून झरे आणि व्हाळ (ओढे) होऊन निघून जाते. त्यामुळे सड्यावरच्या विहिरी फेब्रुवारी-मार्चपासून तळ दाखवू लागतात आणि खाली मळ्याच्या कडेच्या, व्हाळाशेजारच्या विहिरींना मेअखेर पाणी असते. शहरातून येणाऱ्याला नेमकी वरची, नजारा दिसणारी जागा आवडते. गावातली जुनी घरे कुठे आहेत ते पाहा. ती जवळजवळ नेहमी उताराच्या पायथ्याशी असतात, आणि ती जागा पाणी बघूनच निवडलेली असते.

विहिरीची परीक्षा मेच्या पहिल्या पंधरवड्यात, वळीव पडण्याआधी करावी. सकाळी पाण्याची पातळी दोरीने मापा. पंप लावून दोन फूट पाणी उतरवा, पंप बंद करा आणि पातळी पूर्ववत व्हायला किती तास लागतात ते लिहून ठेवा. आठ फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण १,४०० लिटर. दोन फूट बारा तासांत भरून आले, तर ती विहीर त्या काळात २,८०० लिटर देते. दोन माणसांच्या घराला रोज ३०० लिटर पुष्कळ झाले. अर्ध्या एकरात ३५ माड लावले आणि उन्हाळ्यात प्रत्येकाला रोज ४० लिटर द्यायचे म्हटले, तर १,४०० लिटर लागतात. म्हणजे ही विहीर घर आणि बाग दोन्ही सांभाळते. तेच पाणी भरून यायला तीन दिवस लागले, तर घर चालेल, बाग विसरावी लागेल. बोअरवेलच्या भरवशावर जागा घेऊ नका. कातळातली भेग लागली तर पाणी, नाही तर कोरडे भोक, आणि शेजारच्या बोअरला पाणी लागले म्हणून आपल्याला लागेल असे नसते.

थोडी तूट असेल तर टाकी हा साधा उपाय आहे. एक एप्रिल ते दहा जून हे ७० दिवस, रोज ३०० लिटर, म्हणजे २१,००० लिटरची झाकलेली टाकी. १,००० चौरस फुटांच्या छपरावरून वर्षाला दोन लाख लिटरच्या वर पाणी वाहून जाते. जुलैतल्या १०० मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात ७,००० लिटर मिळतात, तेव्हा टाकी भरण्याची चिंता नाही. चूक होते ती वेळेची. जूनमध्ये भरून ठेवलेल्या पाण्यात वर्षभराची धूळ, पाचोळा आणि पक्ष्यांची घाण उतरते. पहिले पाऊस छप्पर धुण्यासाठी सोडून द्या, पावसाळ्यात टाकी वापरत राहा आणि सप्टेंबरमध्ये ती रिकामी करून, धुऊन, परतीच्या पावसाच्या पाण्याने भरा. टाकीत उजेड जाता कामा नये, नाही तर शेवाळ धरते.

जुन्या घराबरोबर विहीर येते असे सांगितले जाते, पण कागदावर ती बऱ्याचदा सामायिक असते. आपला हिस्सा किती, पंप लावायचा हक्क आहे का, विहिरीपर्यंतची वाट कोणाच्या जमिनीतून जाते, हे खरेदीखतात शब्दांत उतरले पाहिजे. तोंडी परवानगी त्या माणसाच्या हयातीपुरती असते.

आता किनाऱ्याचे पाणी. देवबाग-तारकर्लीच्या वाळूत आठ-दहा फुटांवर गोडे पाणी लागते याचे लोकांना आश्चर्य वाटते. पावसाचे गोडे पाणी हलके असते, ते वाळूत मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखे तरंगते. हिशेब असा की समुद्राच्या पातळीच्या वर गोडे पाणी एक फूट उभे असेल, तर पातळीखाली साधारण चाळीस फूट गोडे पाणी असते. उलटही तेवढेच खरे: उपशाने वरची पातळी अर्धा फूट खाली गेली की खालचे खारे पाणी वीस फूट वर सरकते. म्हणून इथे बोअर मारणे घातक आणि मोठा पंप लावणेही घातक. उथळ विहीर, अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, थोडे थोडे पाणी, हीच पद्धत टिकते. अडचण अशी की तुम्ही नेमाने वागलात आणि शेजारच्या लॉजने मे महिन्यात दिवसभर उपसा केला, तर तुमचीही विहीर खारट होते.

तपासणी सोपी आहे. मेमध्ये पंप सुरू करताना एक बाटली भरा आणि सलग चार तास उपसा झाल्यावर दुसरी. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत हवेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइडचे आकडे असेच २५० आणि १,०००. पहिल्या बाटलीत ४०० आणि दुसरीत ९०० आले, तर खारे पाणी वर चढते आहे असे समजा, आजचा आकडा मर्यादेत असला तरी. आरओ यंत्र लावू, असे विक्रेता सांगेल. ते शुद्ध केलेल्या पाण्याहून जास्त पाणी फेकून देते, आणि ते फेकलेले खारट पाणी पुन्हा त्याच वाळूत मुरते.

दुसरा धोका मैल्याचा. वाळूतून सांडपाणी झपाट्याने पसरते. शोषखड्डा आणि विहीर यांच्यात निदान १५ ते १८ मीटर अंतर हवे. सहा गुंठ्यांच्या जागेत आपल्या खड्ड्याचे अंतर राखता येते, पण कुंपणापलीकडे शेजाऱ्याचा खड्डा कुठे आहे ते कोणी बघत नाही. पर्यटकांच्या गर्दीनंतर, म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला किंवा मेअखेर, पाण्याची जिवाणू तपासणी करून घ्या. मालवण शहरात नळ आहे आणि ते पाणी धामापूरच्या तलावातून येते, त्यामुळे नगरपरिषदेच्या हद्दीत घर असेल तर हा सगळा प्रश्न बराच हलका होतो. तिथे विचारायचे ते एवढेच, की मेमध्ये पाणी किती दिवसांआड आणि किती दाबाने येते.

मिठाचे बोलायचे तर मुख्य मुद्दा असा की स्लॅबच्या घरात लोखंड असते आणि ते काँक्रीटच्या आत, न दिसता, गंजते. पावसाळ्यातल्या वाऱ्याबरोबर समुद्राचे तुषार आत येतात. पहिल्या तीन-चारशे मीटरमध्ये त्यांचा मारा सर्वांत जास्त, मग झपाट्याने कमी होत जातो, आणि मध्ये टेकडी किंवा सुरूची दाट रांग असेल तर आणखी कमी. ते क्षार ओलाव्याबरोबर काँक्रीटमध्ये शिरतात, सळीपर्यंत पोचतात आणि गंज धरतो. गंजलेले लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते, त्यामुळे वरचे काँक्रीट फुटून पडते. त्यातून घर बांधताना खाडीची वाळू न धुता वापरली असेल, किंवा काँक्रीट खारवट विहिरीच्या पाण्यात कालवले असेल, तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच आहे. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमहून जास्त नसावे, असे आपले मानक सांगते. वाड्यावस्त्यांवर हे कोण मोजतो?

तयार घर पाहताना रंग बघू नका. नवा रंग तर मुद्दाम संशयाने बघा. छज्ज्याची खालची बाजू, गच्चीवरच्या टाकीखालचा स्लॅब, न्हाणीघराचे छत आणि पश्चिमेकडचे खांब, या चार जागी लहान हातोडीने ठोकून पाहा. ठणठणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आतून पापुद्रा सुटला आहे. सळीच्या रेषेत सरळ जाणारी बारीक चीर किंवा तपकिरी ओघळ म्हणजे गंज बाहेर आलाच. ‘वरून सिमेंट लावून देतो’ ही दुरुस्ती दोन-तीन पावसाळे टिकते. ठिगळाच्या कडेचे जुने काँक्रीट खारट असते आणि नव्या ठिगळाशेजारी तेच आणखी जोराने गंजू लागते. खरी दुरुस्ती म्हणजे खारट काँक्रीट सळीच्या मागेपर्यंत फोडून काढणे, सळी घासून साफ करणे, झिजली असेल तर जोड देणे आणि नव्याने भरणे. चार खांबांत हे निघाले, तर त्या घराची किंमत फक्त जमिनीची समजावी.

किनाऱ्यावर नवे बांधायचे असेल तर इंजिनिअरकडून तीन गोष्टी लेखी घ्या: काँक्रीट एम ३० या मजबुतीच्या प्रतीखाली नाही, सळीवरचे काँक्रीटचे आवरण ४५ मिलिमीटर, आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत. प्रत्यक्ष तुषार अंगावर येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. गवंडी सवयीने २५ मिलिमीटरचे ठोकळे सळीखाली ठेवतो आणि सगळे गणित तिथेच बिघडते. स्लॅब ओतण्याच्या दिवशी उभे राहून ते तपासा. सिमेंट पोझोलाना किंवा स्लॅग मिसळलेले घ्या, त्यातून क्षार हळू शिरतात. ‘सल्फेटरोधक’ लिहिलेली पिशवी समुद्रासाठी चांगली असे दुकानदार सांगतात, पण सळी गंजवणारे क्लोराइड वेगळे, त्याला ती उलट कमी रोखते.

माझ्या मते याहून शहाणपणाचे म्हणजे लोखंडच कमी वापरणे. जांभ्याच्या भारवाही भिंती, लाकडी वासे, मंगलोरी कौले, चारी बाजूंनी पडवी. चिऱ्याला, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडाला, मिठाचे फारसे काही होत नाही. जुन्या मालवणात अशी घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. खिडक्या लाकडी किंवा यूपीव्हीसीच्या, बिजागऱ्या पितळी, बाहेरचे स्टील ३१६ प्रतीचे. ३०४ प्रतीवर किनाऱ्यालगत तपकिरी ठिपके पडतात. ग्रिलला आत दर तीन-चार वर्षांनी रंग पुरतो, किनाऱ्यावर दरवर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आधी. एसीचे बाहेरचे यंत्र पश्चिमेच्या भिंतीवर लावू नये आणि दर पंधरवड्याला गोड्या पाण्याने धुवावे. सौर पॅनेलचा सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेला घ्या, नुसता चंदेरी रंगवलेला नको.

शिवाय समुद्राजवळचे बंद घर फार लवकर खराब होते. खिडक्या रोज उघडल्या, पुसापुशी झाली, पंखे फिरले, तर तेच घर कितीतरी चांगले राहते. मुलांकडे परदेशात किंवा मुंबईला वर्षातले चार महिने जायचा बेत असेल आणि ते महिने पावसाळ्याचे असतील, तर किनाऱ्याचा विचार इथेच थांबवा.

कायद्याकडे वळू. तुमचे किनाऱ्याचे घर चालत पाच मिनिटांवर, म्हणजे साधारण साडेतीनशे मीटरवर आहे. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा सागरी किनारा नियमन क्षेत्रात येतो. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर दाट वस्तीच्या भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोक असतील तिथे, पहिले ५० मीटर नवे बांधकाम बंद. इतरत्र २०० मीटर बंद. बंदीच्या पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी चालते, पण जोत्याचे क्षेत्र वाढवता येत नाही. त्यापुढच्या पट्ट्यात ९ मीटर उंची आणि दोन मजले ही मर्यादा आहे, आणि घरबांधणीची सवलत गावठाण-कोळीवाड्यांच्या जुन्या वहिवाटीशी जोडलेली आहे. नगरपरिषदेच्या हद्दीतल्या भरवस्तीला वेगळा वर्ग लागतो. तिथे जुन्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला परवानगी मिळते. शिवाय मालवण आणि आचरा-रत्नागिरीचा किनारा अति असुरक्षित क्षेत्रांच्या यादीत आहे. म्हणून घर कधी बांधले, कोणत्या परवान्याने बांधले आणि मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर तो गट नंबर कुठे पडतो, हे कागद हातात आल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नका. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा घरपट्टीसाठी असतो. तो ना मालकीचा पुरावा, ना बांधकाम परवान्याचा.

आतल्या जागेचे कागद वेगळ्या प्रकारे अवघड. अर्धा एकर शेतजमीन असेल तर बिगरशेतकऱ्याला ती कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे थेट घेता येत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या नावावर महाराष्ट्रात कुठेही सातबारा आहे का ते आधी पाहा. नसेल तर बिनशेती झालेला भागच घ्यावा लागेल. दुसरे, कोकणातला सातबारा म्हणजे पंचवीस-तीस नावे. त्यातला एकच भाऊ ‘माझ्या वाट्याची’ म्हणून जमीन दाखवतो. वाटप तोंडी असते. मोजणी झालेली नसते. सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदलेले वाटपपत्र आणि भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीचा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत, यांशिवाय विसार देऊ नये. इतर हक्कांच्या रकान्यात कूळ, देवस्थान, खाजगी वन किंवा वनसंज्ञा असा शेरा आहे का ते वाचा. भोगवटादार वर्ग दोन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. सह्याद्रीलगतचे गाव पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा यादीत असू शकते. राहत्या घराला त्याने बाधा येत नाही, पण शेजारी चिऱ्याची खाण येण्याचा धोका कमी होतो, आणि ही जमेची बाजू आहे. खाणीच्या धुळीने आणि डंपरने गावेच्या गावे हैराण होतात, तेव्हा दोन किलोमीटरच्या परिघात खाण आहे का हे स्वतः फिरून पाहा.

वारा आणि पूर यांत दोन्हीकडे धोका आहे, फक्त तऱ्हा वेगळी. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगत गेले. मालवण, देवगड, वेंगुर्ले भागांत छपरे उडाली, माड पडले आणि अनेक वाड्यांत कित्येक दिवस वीज नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोलीच्या सुपारीच्या बागा झोपवल्या. किनाऱ्यावर कौले तारेने बांधलेली हवीत आणि घरावर पडेल इतक्या अंतरात जुना माड नको. देवबाग किंवा तळाशील-तोंडवळीसारख्या, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी किंवा नदी असलेल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर कायमचे घर घेऊच नये. तिथली धूप उधाणाच्या दरवर्षीच्या भरतीने चाललेली असते आणि दगडी बंधाऱ्याने ती थांबत नाही, पुढच्या वाडीकडे सरकते.

आत माणगाव खोऱ्यात प्रश्न रस्त्याचा. निर्मला नदीवरचा आंबेरीचा जुना पूल वर्षानुवर्षे जोराच्या पावसात पाण्याखाली जायचा आणि खोऱ्यातल्या गावांचा संपर्क तुटायचा. तुमच्या वाडीपासून कुडाळपर्यंत किती साकव (छोटे पूल) आणि कॉजवे लागतात, पैकी कोणते किती तास बुडतात, हे एसटीच्या चालकाला विचारा. तो अचूक सांगतो. घरामागे तीव्र उतार असेल, उतारावर नवा रस्ता किंवा काजूच्या लागवडीसाठी जेसीबीने कापलेल्या पायऱ्या असतील, तर ती जागा नको. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला, तसे प्रसंग सह्याद्रीच्या कुशीत पुन्हा घडू शकतात. तिरकी झालेली झाडे, जमिनीतल्या नव्या भेगा, अचानक गढूळ झालेला झरा, ही लक्षणे गावकरी ओळखतात.

उकाड्याविषयी एक समज दुरुस्त करायला हवा. किनाऱ्यावर एप्रिलचे तापमान कमी असते, बत्तीस-तेहतीसच्या आसपास, आणि दुपारनंतर खारा वारा सुटतो. आत कुडाळकडे दुपारी पारा चार-पाच अंशांनी वर असतो, पण रात्री मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा आणि झाडी यांमुळे झोप चांगली लागते, आणि थंडीत पहाटे खरोखर गारठा असतो. घाम आणि चिकचिक ज्याला सोसत नाही त्याने आत राहावे. बुरशी मात्र दोन्हीकडे सारखीच. पाऊस आत जास्त पडतो, तेव्हा जुलैत कपाटातले कपडे तिथेही वास मारतात. भिंतीपासून चार बोटे सोडून ठेवलेले कपाट आणि आत एक छोटा दिवा, एवढ्याने काम भागते.

दवाखाना हा तुमच्या वयाला पाण्याच्या खालोखालचा मुद्दा. कोकण रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्ग दोन्ही आतून जातात, किनाऱ्याने नाही. जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ओरोसला, पडव्याचे मोठे खाजगी रुग्णालय कसालजवळ, आणि गंभीर दुखण्यात सिंधुदुर्गातला माणूस अखेर गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो. मालवणहून कुडाळ साधारण ३० किलोमीटर वळणावळणाचा रस्ता, म्हणजे महामार्गाला लागेपर्यंतच पाऊण तास. कुडाळमध्ये तो वेळ वाचतो. पण खोऱ्यात शेवटच्या टोकाला घर असेल तर तुम्हालाही तितकाच वेळ लागेल, वर अरुंद रस्ता आणि रेंज नाही. दोन्ही घरांपासून ओरोसपर्यंत जुलैत, रात्री नऊनंतर, पावसात गाडी चालवून वेळ मोजा. मधुमेह, हृदयविकार किंवा डायलिसिसचा प्रश्न घरात असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून हाच आकडा धरा.

आतल्या गावात फुरसे, घोणस, मण्यार असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविष साठ्यात आहे का ते विचारून ठेवा आणि रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरू नका. भातशेतीत उतरणाऱ्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस तापाचा), दोडामार्ग-सावंतवाडीच्या रानालगत माकडतापाचा धोका असतो. वानर आणि गवे भाजीपाला ठेवत नाहीत. अर्ध्या एकरातून भाजी पिकवून खाण्याचे स्वप्न असेल तर जाळीच्या कुंपणाचा खर्च आधीच धरा.

माणसांचेही बघा. मालवणात दुकाने, बँक, वाचनालय, नाटक, मासळीबाजार पायी जाण्याइतके जवळ आहेत. ओळख झाली नाही तरी दिवस निभतो. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे या काळात मात्र गाड्यांच्या रांगा, रात्रीचा गोंगाट आणि मासळीचे वाढलेले भाव यांची तयारी ठेवावी. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीसाठी किनारा हवा हे कारण वर्षाचे दहाच महिने लागू पडते. वाडीत उलट आहे: एकही दिवस एकट्याने निघत नाही. पाणंद साफ करणे, देवळातली पाळी, शिमग्यात पालखी घरी येणे, मयताला जाणे, यांत तुम्ही असलात तर रात्री बारा वाजता चार माणसे खाट उचलायला येतात. वर्गणी देऊन मोकळे होणाऱ्याला हे मिळत नाही.

या दोन्हींच्या मध्ये एक पट्टा आहे, आणि तुम्ही पाहायला हवा तो तोच. मालवणपासून दहा ते अठरा किलोमीटर आतला चौके, कट्टा, पेंडूर, धामापूर हा भाग, आणि कुडाळकडून येताना नेरूर-वालावल. समुद्र अर्ध्या तासावर, कुडाळचे स्टेशन अर्ध्या-पाऊण तासावर, खारा वारा टेकड्यांनी अडवलेला आणि पाण्याचे मान बरे. धामापूरचा तलाव १५३० सालचा आहे आणि आजही भरलेला असतो. त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरी सहसा आटत नाहीत. या पट्ट्यात एकच फसगत होते. कर्लीची खाडी खूप आत शिरलेली आहे. नेरूरपार-वालावलच्या काठाला समुद्र दिसत नाही, पण भरतीचे खारे पाणी येते, काठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि भरतीच्या पाण्यालगत ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, यांतला जो कमी तो पट्टा नियमन क्षेत्रात मोडतो. खाडीकाठची माडाची बाग बघून भुलला असाल, तर वर सांगितलेली बाटल्यांची तपासणी तिथेही करा.

निर्णयाचा क्रम असा ठेवा. यंदाच्या एक जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत या मधल्या पट्ट्यात घर भाड्याने घ्या. त्या हंगामात पर्यटक नसतात, भाडे कमी पडते. ठाण्याचे घर अजून विकू नका. त्या चार महिन्यांत दोन्ही जागांना निदान महिन्यातून एकदा, मुसळधार पाऊस चालू असताना, भेट द्या: छत कुठे गळते, अंगणात पाणी तुंबते का, वीज किती तास जाते. मग हिवाळ्यात कागद तपासा, मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या, मोजणी करून घ्या. विसाराची रक्कम देताना करारात एक कलम घाला, की मे महिन्यात विहिरीची उपसा चाचणी खरेदीदारासमोर होईल आणि ठरलेले लिटर मिळाले नाहीत किंवा टीडीएस ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त आला, तर विसार परत. ज्याला आपल्या विहिरीची खात्री आहे असा मालक या कलमावर सही करतो. जो करत नाही, त्याच्या जागेसाठी मेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही.